खांद्यावरची गाठ

आमच्या घरची बैलजोडी विकली गेली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात मी स्वतःला सोडून साऱ्या जगाला बोल लावला.

खाप्याजवळ आमची संत्र्याची बाग होती. पंच्याहत्तरच्या आगेमागे मी तिशीला आलो होतो. नागपुरात चार वर्षं शिकून परतलेलो, त्यामुळे शहाणपण सगळं आपल्याच वाट्याला आलंय असं मला वाटायचं. संत्री बैलगाडीत भरून सावनेरला न्यायची आणि तिथे कुणाच्या ट्रकात जागा मिळते का म्हणून तोंड वेंगाडत उभं राहायचं, याचा मला वीट आला होता. एक जुना पिकअप विकाऊ आहे असं कळलं. समोर दोघांची जागा, मागे उघडा डाला. मी बाबांच्या मागे भुणभुण लावली. वखरणीला शेजाऱ्याची जोडी सांगू, म्हटलं. शेवटी ते म्हणाले, "कर गा तुह्या मनानं."

चार कोसांवरच्या गावचा शेतकरी जोडी न्यायला आला, त्या दिवशी बाबा सकाळीच बागेत निघून गेले. दावं मी सोडलं. डाव्या बैलाच्या खांद्यावर जुवाने घासून झालेली गाठ होती. बाबा वर्षानुवर्षं तिला हळद-तूप चोळायचे, ती काही जिरत नव्हती. नेणाऱ्याला मी तेवढं सांगितलं. बाबा दिवे लागल्यावर घरी आले आणि रिकाम्या गोठ्याकडे न बघता आत गेले.

पण माणूस मोठा दिलदार. पंधरा दिवसांत पिकअपशी त्यांचं जमलं. माझ्या शेजारी धोतर सावरून बसायचे, उतरताना बॉनेटवर थाप मारायचे. आणि पोळा आला तसे म्हणाले, "जोडी नाही तर नाही. आता खांदा देऊन राहिली ती हीच गाडी ना."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. पळसाच्या पानाने खांद्याला हळद-तूप लावायचं, शेकायचं आणि कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. बाबांनी ते सगळं पिकअपचं केलं. गाडी धुतली, खाली गोणपाट अंथरून आडवे झाले आणि मला विचारलं, "याचा खांदा कोनता गा?" मी हसत हसत मागच्या चाकांकडे जाणारा लांब लोखंडी शाफ्ट दाखवला. ओझं ओढायची ताकद यातूनच जाते, असं मास्तरासारखं समजावूनही दिलं. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "छिन्नी दे." मी दिली. टणटण ऐकू आली. मग बैलांच्या शिंगांसाठी आणलेला लाल ऑइलपेंट त्यांनी शाफ्टला दोन हात फासला. गावातली पोरं वाकून वाकून बघत होती. मला थोडी लाज वाटली, पण खरं सांगायचं तर कौतुकच जास्त वाटलं.

पोळा झाल्यावर दोनच दिवसांनी मी क्लच-प्लेट बदलायला गाडी नागपुरात जरीपटक्याच्या गॅरेजात नेली. तोवर क्लच इतका घसरत होता की गाडी वीस मैलांच्या वर जातच नव्हती. मिस्त्रीने दिवसभर खपून काम केलं. परतताना मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला आणि काट्याने पस्तीस गाठले, तशी गाडी थरथरायला लागली. पायाखालचा पत्रा, स्टिअरिंग, आरसा, सगळं. वेग कमी केला की थांबे. पुन्हा पस्तीस, पुन्हा तेच.

माझं डोकं तापायला काडी लागत नसे. दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीकडे जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर त्याला झापलं. शाफ्ट तूच उतरवला, तूच वाकडा बसवला, म्हटलं. तुझ्या हाताला यश नाही, नुसता हातोडा आहे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस. त्याने निमूट शाफ्टचे जॉइंट बदलून दिले. फरक पडला नाही. मी चाकं मागची पुढे केली, एक टायर नवा घातला. फरक पडला नाही. बागेत फळांची तोडणी सुरू झाली तेव्हा डाल्यात गवत घालून रचलेली संत्री मंडईत पोचेपर्यंत साल घासून काळवंडलेली निघायची. पंचवीस मैलांनी रखडत जायचं, तर बैलगाडी काय वाईट होती, असं लोक मला ऐकवून ऐकवून म्हणायचे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एक दिवस बाबा शेजारी बसले होते, गाडी थरथरली आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले. म्हणाले, "हा जोडीचा तळतळाट आहे गा. बारा वर्षं राबली आपल्याकडे. आपन जाताना तोंडबी दाखवलं नाही."

"लोखंडाले तळतळाट लागत नसते, बाबा," मी खेकसलो.

त्या दिवसापासून ते पिकअपमध्ये बसले नाहीत. जेवण अर्ध्यावर आलं. चार कोसांवरच्या त्या गावात आमच्या नात्यातलं लग्न होतं, तिथेही गेले नाहीत; बैल रस्त्यात दिसले तर, एवढंच म्हणाले. मी त्यांना वेड्यात काढलं. रात्री अंथरुणावर पडलो की मात्र मलाही ते सोडलेलं दावं हातात असल्यासारखं वाटे. हे मी कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

पुन्हा जरीपटक्याला गेलो, तो नाइलाजाने. माझा चेहरा बघून मिस्त्री म्हणाला, "भाऊ, शिव्या मंग द्या. आधी एक चक्कर मारू." कोराडीच्या रस्त्याला लागलो. पस्तिसाला थरथर सुरू झाली, तसा म्हणाला, "आता न्यूट्रलले टाका." टाकली. इंजिनाचा जोर सुटला तरी गाडी तशीच थरथरत पुढे गेली. "पाहा. इंजिन नाही, क्लच बी नाही. जे फिरून राहिलं त्याच्यात खोट आहे." त्याने शाफ्ट उतरवला, बाकावर ठेवला आणि बराच वेळ नुसता हात फिरवत राहिला.

"हा रंग कोनं लावला?"

"बाबांनी. पोळ्याले."

तो हसला नाही. पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडू लागला. एका जागी लाल थराखालून चकचकीत ओरखडे निघाले, बोटभर लांब. छिन्नीचे. "इथं लोखंडाची पट्टी वेल्डिंगनं डागलेली होती," तो म्हणाला. "शाफ्ट बनवताना फिरवून पाहतात. जिकडं हलका पडते तिकडं वजन जोडतात. ते कोनीतरी तोडलं, म्हनून जोरात फिरला का थरथरते. मीबी पाह्यलं नाही, ताज्या रंगानं झाकलं होतं."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. छिन्नी मीच दिली होती. मिस्त्रीकडे बघायची माझी हिंमत होईना. चुकलो, एवढं कसंबसं म्हणालो. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, ती पट्टी सापडली तर बरं, नाहीतर अंदाजाने वजन लावत बसावं लागेल.

बसने घरी येताना एकच विचार होता. बाबांना सांगायचं की नाही? जॉइंट खराब होता, असं म्हटलं तर विषय संपला असता. उतारवयात त्यांच्या डोक्यावर हे कशाला? पण घरी पोचलो, ते ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय निंगालं?" आणि मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. छिन्नी मी दिली होती, तेही.

"मले वाटलं गाठ आहे," बाबा म्हणाले. "डाव्याच्या खांद्यावर होती तशी. म्हटलं, याचा तरी त्रास जाईल."

उठून आत गेले. खिळे-बोल्टांचा डबा आणला. लोखंडाचा तुकडा त्यांनी आयुष्यात कधी फेकला नव्हता. तळातून दोन बोटं रुंद पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. रंगाच्या हातांनी उचलल्याचा लाल डाग एका बाजूला अजून होता.

"म्हनजे हे माह्या हातानं झालं?"

"हो."

"जोडीचं काही नाही याच्यात?"

"काही नाही, बाबा."

मला वाटलं ते खचतील. त्यांनी डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की आतून आई बघायला आली. "मंग बरं," ते म्हणाले. "मंग लई बरं झालं." आणि रडायला लागले. मीही रडलो, उगाच कशाला लपवू.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ती पट्टी जुन्याच ओरखड्यांवर डागून दिली. परतताना पस्तीस, चाळीस, आरशातली झाडं स्थिर. घराशी हॉर्न वाजवला तर बाबा धुतलेलं धोतर नेसून दारात उभे. बसले आणि म्हणाले, "चार कोसांवर चाल."

त्या शेतकऱ्याचा गोठा रस्त्यालगतच होता. दोघंही कडबा खात उभे होते. बाबा दारात क्षणभर थांबले, मग डाव्याजवळ गेले. त्याने मान वळवून त्यांच्या खांद्यापाशी हुंगलं आणि परत खायला लागला. त्याच्याकडून इथे फक्त विहिरीच्या आसपासचं हलकं काम घेतो, असं मालक सांगत होता. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचा तळवा बैलाच्या खांद्यावरून फिरत होता, मागे, पुढे, पुन्हा मागे. मग माझा हात धरून त्यांनी तिथे ठेवला.

"पाह्य," म्हणाले. "गाठ जिरली गा."