टर्पेंटाइन आणि विळी

माझं चित्र काढायला नातीने टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मी नोएडातल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये जाऊन पोचले. दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर नुकतंच सोडलं होतं. ड्रॉइंगरूमच्या कोऱ्या भिंतीसाठी ह्यांनी पहाडगंजच्या एका पेंटरकडून फोटोवरून माझं तैलचित्र करून आणलं. त्यात मी गोरीपान, माझा पुढे आलेला दात सरळ, आणि भांगात बोटभर सिंदूर!

“ही कोण?” मी विचारलं.

“अगं, तूच! बिल्कुल हिरॉइन,” हे म्हणाले आणि तिच्याकडे बघतच राहिले.

मी स्वयंपाकघरातून पाटासकट विळी उचलून आणली आणि त्या बाईचा गाल फाडला. दुसऱ्या वाराला ह्यांनी हात मध्ये घातला. ओल्या रंगावर रक्त उडालं. तळव्याला पाच टाके पडले.

पुढे कित्येक वर्षं मी सांगत फिरले, की मी माझ्या खऱ्या चेहऱ्यासाठी लढले. कसलं काय! माझ्याकडे हे कधी तसं बघत राहिले नव्हते, म्हणून ही शहाणी रंगातल्या सवतीवर जळत होती.

“आजी, दात सरळ दाखवू का?” नातीने विचारलं.

“दाखव की. विळी अजून स्वयंपाकघरातच आहे.”