‘सरक की गं’ रिमिक्स

विमानांचा तो गेम वर्षालीला कधीच खेळायला मिळाला नाही, पण त्यातलं संगीत तिला तोंडपाठ होतं.

वडिलांनी, उद्धवरावांनी, दिवाळीच्या बोनसातून टीव्हीला जोडायचा गेम दिघीच्या दोन खोल्यांत आणला, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्याला दोन रिमोट होते. एक दादाच्या, म्हणजे थोरल्या दिग्विजयच्या हातात असायचा आणि दुसरा त्याच्या मित्राच्या. वर्षाली मागं बसून लसूण सोलायची. दादाचं विमान तिसऱ्या स्टेजला हटकून पडायचं आणि संगीत पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. पहिल्या दोन स्टेजच्या चाली तिच्या अंगात अशा मुरल्या की शाळेत ती पाढेही त्याच चालीवर म्हणायची. “मला एकदा दे ना,” असं तिनं विचारलं की दादा पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, “हे झालं की देतो.” ते कधी झालंच नाही.

पुढं वडील गेले. वर्षालीचं लग्न झालं आणि तीन वर्षांत ती दोन बॅगा घेऊन परत दिघीला आली. नवऱ्यानं दुसरं घर मांडलं होतं. तोवर दादाचा साउंडचा धंदा उभा राहिला होता. हळदी, वाढदिवस, मिरवणुका, सगळीकडं त्याचा टेम्पो जायचा, आणि टेम्पोवर लिहिलेलं होतं ‘डीजे दिग्या, दिघी’. त्यानं बहिणीला घरात घेतलं. ही गोष्ट तो स्वतः विसरला नाही आणि दुसऱ्या कुणालाही त्यानं विसरू दिली नाही.

चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत ती लागली. समोरच्या बोर्डावर रंगीत वायरी नेमून दिलेल्या वाटेनं ओढायच्या, टेप गुंडाळायची, कनेक्टर बसवायचा. महिन्याभरात हात आपोआप चालायला लागले आणि डोकं रिकामं राहू लागलं. त्या रिकाम्या डोक्यात एका सकाळी दुसऱ्या स्टेजची चाल आली, आणि तिच्याखाली आपसूक हलगीसारखा ठेका सुरू झाला. शिफ्ट संपेपर्यंत तो थांबला नाही.

तिनं जुना लॅपटॉप घेतला. गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची, तेव्हा दुपारभर हेडफोन लावून ती बसायची. गेमची मूळ चाल इंटरनेटवर सापडली. ती कापली, लांबवली, मध्ये श्वास घ्यायला जागा केली. ठेका मात्र मनासारखा बसेना. विकतची हलगी विकतचीच वाटायची. मग एकदा कंपनीच्या कँटीनमध्ये धुतलेली ताटं रॅकमध्ये पडताना तिनं ऐकली. खण्, खण्, मध्येच एक चुकार खणखणाट. तिनं तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत मोबाईल टेबलावर उपडा ठेवून तो आवाज टिपला. तिसऱ्या दिवशी वाढपाच्या सोजरबाई मागून ओरडल्या, “सरक की गं!” तेही त्यात आलं. पुसायला गेली तर ठेकाच लंगडा व्हायला लागला. शेवटी तिनं ती हाक ठेवली. नुसती ठेवली नाही, चारदा फिरवली.

दादानं ते स्वयंपाकघरातून ऐकलं. “कुणाचंय गं हे?”

“माझं.”

“खरंच? वाजवून बघतो रविवारच्या हळदीला. दे पेनड्राईव्हवर.”

तिला केवढा आनंद झाला होता! पहिल्यांदाच दादानं तिच्याकडं काही मागितलं होतं. तिनं लगेच दिलं.

दोन महिन्यांत ते सांगवीपासून रावेतपर्यंत वाजायला लागलं. प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीला दादाचा आवाज घुमायचा, ‘डीजे दिग्या!’, आणि मग तिची चाल. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरची बाई तेच लावून मान डोलवायची. वर्षालीनं एकदा न राहवून सांगितलं, “हे मी केलंय.” ती बाई हसली. “तुमच्या भावानं केलंय, असं म्हणा ना ताई.”

त्या संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. “दादा, माझं नाव टाक ना कुठंतरी. बारीक अक्षरात टाकलं तरी चालेल.”

“नाव?” दादा म्हणाला. “टेम्पो माझा, स्पीकर माझे, पोलिसांच्या शिव्या मी खातो. तुझ्या लॅपटॉपमध्ये पडून राहिलं असतं, तर कुणी ऐकलं असतं?”

आईनं, दुर्गाबाईंनी, दोघांच्या ताटात भाजी वाढली. “घरातलंच हाय की, वर्षे. भाऊ काय परका हाय का?”

पुढच्या गुरुवारी वर्षालीनं मूळ रिमिक्स स्वतःच्या नावानं इंटरनेटवर चढवलं. तासाभरात ते काढून टाकल्याचा निरोप आला: ‘हे संगीत दिग्विजय यांच्या मालकीचे आहे.’ दादानं एका म्युझिक कंपनीमार्फत ते आधीच स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. हरकत घ्यायची असेल तर फॉर्म होता. त्यात एक चौकोन होता, आणि त्यापुढं लिहिलं होतं, ‘हे संगीत पूर्णपणे माझे स्वतःचे आहे.’

तिचं बोट तिथं अडलं. चाल तिची नव्हती. मग ती चाल केली तरी कुणी, हे तिनं शोधायला घेतलं. दोन गुरुवार गेल्यावर एका जुन्या मुलाखतीत सापडलं की गेमच्या कंपनीत पगारावर असलेल्या एका जपानी बाईनं ती केली होती, आणि गेममध्ये तिचं नाव कुठंच घातलेलं नव्हतं. वर्षाली बराच वेळ त्या बाईच्या फोटोकडं बघत बसली. दादानं हा चौकोन भरताना क्षणभरही विचार केला नसणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं फॉर्म तसाच उघडा ठेवला. उद्या बघू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सोजरबाईंनी तिच्या ताटात पळी आपटली. “तू भरलास व्हय गं माझा आवाज?”

“मावशी, मी सांगणारच होते...”

“कवा? रोज ही पोरं रांगेत उभी राहून मलाच म्हणत्यात, सरक की गं, सरक की गं. परवा जावयाच्या मोबाईलात वाजलं. समदे पाव्हणे हसले. मला इचारलं हुतंस का तू?”

“चुकलं मावशी. भावानं माझंही नाव—”

“तुझ्या भावाचं मला काय सांगतीस? माझ्याम्होरं मोबाईल त्यानं ठेवला हुता का तू?”

मागच्या रांगेतून कुणीतरी तीच हाक मारली आणि सगळी रांग हसली. सोजरबाईंनी खाली बघत पुढच्या ताटात भात वाढला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कँटीन सोडलं. कुठं गेल्या, कुणाला माहीत नव्हतं. वर्षाली जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन पार्किंगजवळच्या कठड्यावर बसायला लागली. तो फॉर्म तिनं भरला नाही.

गौरी-गणपतीच्या आधी दादानं मित्रांना घरी बोलावलं. मंडळांच्या सुपाऱ्या आल्या होत्या, सगळ्यांना नवीन रिमिक्स हवं होतं. “वर्षू,” तो गोड आवाजात म्हणाला, “तसलंच आणखी एक कर ना. या वेळी नाव टाकतो की तुझं.”

नाव टाकतो म्हणाला, आणि तिला काहीच वाटलं नाही. ज्या शब्दासाठी ती वर्षभर झुरली होती, तो आता कुणीतरी वापरून टाकलेल्या कपासारखा वाटत होता. लॅपटॉपमध्ये दोन चाली अर्धवट पडल्या होत्या. चांगल्या होत्या.

“मला जमत नाही आता,” ती म्हणाली.

दादाच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. तो मित्रांकडं वळला. “बघा, मी म्हणत नव्हतो? पहिलंही मीच बसून करून घेतलं होतं तिच्याकडून. तिला कुठलं जमतंय, राव. वायरी जोडती ती चाकणला.”

सगळे हसले. आईही हसली. वर्षालीनं चहा गाळला, पाच कप ट्रेमध्ये ठेवले आणि ट्रे सगळ्यात आधी दादापुढं धरला.