वच्छलाकाकूंच्या फाटकाचं कुलूप

वच्छलाकाकू सांबाराची जुडी बांधताना हाताकडे पाहत नसत. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. डाव्या मुठीत काड्या, उजव्या हातात केळीचं ओलं सोपट, एक वेढा, एक गाठ, आणि नजर समोरच्या गिऱ्हाइकावर. हिंगणघाटच्या बाजारात त्यांची जुडी कधी सुटली नाही. ओळख दाखवून कोणी एक जुडी जास्तीची मागितली की म्हणत, "जुडी पाहून घे बाई, माहं तोंड पाहून नोको घेऊ."

वडनेरला त्यांची-आमची भिंत एकच. मी कॉलेजपासून पत्रकं काढते. पाण्यासाठी, एसटीसाठी, दारूच्या दुकानाविरुद्ध. काकूंना वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक पत्रक मागून घेत आणि त्यात मिरच्या बांधत. "तुह्या कागदाले शाई लय व पोरी, मिरची काळी होते." माझ्या लिहिण्याबद्दल याहून नेमकं कोणी बोललेलं नाही.

मग एका वर्षी त्या गाजरगवताच्या जुड्या बांधू लागल्या. तशाच घट्ट. गाव हसलं. मीही हसले, हे लपवत नाही. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला, गावाने वय झालं म्हणून सोडून दिलं. काकू मात्र टोपलं घेऊन भर दुपारी हायवेवर उभ्या राहायच्या, भाजीच्या गाडीची वाट पाहत. ती गाडी बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. मुलगा रमेशदादा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, दिवसभर हिंगणघाटला. घर, वावर आणि काकू, तिन्ही सुनेच्या, सुनंदावहिनींच्या अंगावर. शेवटी रमेशदादाने फाटकाला कुलूप लावलं.

मला ते कुलूप दिसलं. आतलं काही दिसलं नाही. मी पत्रक काढलं, 'आई कैदेत'. नाव घातलं नव्हतं, पण गावाला नाव लागत नाही. स्टँडवर चिकटवलं, फोनवर फिरलं. रमेशदादा भांडला नाही. त्याने कुलूप काढलं आणि लोकांनी माझी पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी ट्रकच्या ब्रेकचा आवाज आमच्या अंगणात आला. मी धावले. काकू हायवेच्या मधोमध मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात टोपलं, आणि टोपल्यापासून हातभर अंतरावर ट्रकचं तोंड. ड्रायव्हर खाली उतरून दार धरून उभा होता. काकू त्याला म्हणत होत्या, "पाह्य तं खरं बाबू, जुडी ताजी आहे."

वहिनी मागून आल्या. अंघोळीतून उठून, ओल्या केसांनी. काकूंना दंडाला धरून उठवलं. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "आता कागद नोको लिहू. उद्या तू बस तिच्यापाशी."

मी बसले. सकाळपासून काकू एकच म्हणत होत्या, मले घरी जाऊ दे. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच चुलीपाशी बसून. मी त्यांना चूल दाखवली, काकांचा फोटो दाखवला, हेच तुमचं घर म्हणून सांगितलं. दार अडवलं तेव्हा त्यांनी मला मारलं. मग माझ्यापुढे हात जोडले. "तुह्या पाया पडतो बाई. माही माय वाट पाहून राह्यली."

मी दुपारी तीनपर्यंत टिकले. वहिनी तीन वर्षं टिकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझी मीटिंग होती आणि मी मीटिंगला गेले.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. माणसं आईला स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात का ठेवतात, याचं उत्तर मी आधी एका शब्दात देत असे: निर्दयपणा. उत्तर असं आहे की एका बाईची झोप, कंबर आणि धीर संपतो आणि दुसरी बाई येत नाही. आमच्या गावात गुरं राखायला गुराखी आहे. अशा माणसाला दिवसभर सांभाळायला कोणी नाही, तशी जागा नाही. माझं पत्रक ज्यांनी फिरवलं, त्यांतल्या एकानेही त्या घरात तासभर बसून पाहिलं नाही. अजूनही तेच लोक रमेशदादाला नावं ठेवतात. अजूनही दुपारी भिंतीपलीकडून कोणी घरी जाऊ दे म्हणतंय असं वाटून मी उठते. वहिनी वावरात असतात, पलीकडे कोणी नसतं.

केळझरच्या अलीकडच्या एका केंद्रात काकूंना नेलं, तेव्हा मी पिशवी धरायला गेले होते. रमेशदादा आत कागदांवर सह्या करत होता. काकू सुनेला सून म्हणून ओळखतच नव्हत्या. पण निघायच्या वेळी त्यांनी वहिनींचा पदर मुठीत धरला आणि तिथल्या बाईला समजावून सांगितलं,

"हिले बी इथंच ठेवा. ही बाई मले आंघोळ घालते. चांगली आहे, मारत नाई."

वहिनींनी तोंड फिरवलं. पदर सोडवणं त्यांच्याने होईना. ती मूठ उघडायला दोघी लागल्या. एक तिथली बाई होती. दुसरी मी.