फुकटचा ‘मान्य’

९ जानेवारी २०१२, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. संगणकाचे बटण दाबले आणि नेहमीप्रमाणे आधी वास आला. माझा मॉनिटर जुना आहे. खोक्यासारखा, मागे पोट सुटलेला. थंडीच्या दिवसांत तो तापू लागला की आतली धूळ हलकेच भाजते आणि खोलीभर एक कोरडा, किंचित गोडसर वास पसरतो. नवा सपाट घ्या, असे मुलगा दर खेपेला सांगतो. चालू वस्तू टाकायची नसते, असे मी त्याला उत्तर देतो. खरे कारण हा वास आहे. त्याच्याबरोबर मला एका गृहस्थांची आठवण येते. त्यांना मी आयुष्यात दोनदाच भेटलो आणि त्यांच्याशी दहाएक वर्षे जवळजवळ रोज भांडलो.

आज पडदा उजळला तेव्हा त्यांचा एका ओळीचा निरोप समोर होता : “फोन करावा. क्रमांक आपल्याकडे आहे.” इतक्या वर्षांत त्यांनी मला फोन करायला कधी सांगितले नव्हते. काय झाले असावे, याचा अंदाज मला होता. सकाळी सहाला कोणाच्या घरी फोन करायचा नसतो. आठ वाजेपर्यंत मी त्या ओळीसमोर बसून राहिलो.

ज्या वर्षांत ही ओळख झाली, तेव्हा शहर कूस बदलत होते. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि पेठेतली मुले सकाळी कंपनीच्या बसमधून तिकडे जाऊ लागली होती. माझ्या कारखान्याने त्याच सुमारास स्वेच्छानिवृत्ती आणली. तिच्यात स्वेच्छा कोणाची होती, हे विचारू नये. मी मोजमाप खात्यात होतो. नवी यंत्रे स्वतःचे मोजमाप स्वतःच करू लागली होती. मुलगा अमेरिकेला गेला आणि जाताना आपला संगणक माझ्या टेबलावर ठेवून गेला. फोनच्या तारेतून मोडेम किरकिरत, शिट्ट्या मारत एकदाचा जोडला जाई, तोवर चहा निवलेला असे. ही स्वयंपाकघरातून विचारी, “झालं का तुमचं भांडण? मला ताईला फोन करायचाय.”

भांडण होत असे ते विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने त्यासाठी इंटरनेटवर मराठीतून एक मंच चालवला होता. कोणीतरी बातमी टाकायची आणि बाकीच्यांनी तिच्यावर तुटून पडायचे. सुरुवातीला रोमन लिपीतली मराठी असे. ती वाचताना दात दुखत. पुढे देवनागरी आली. तिथे खरे नाव कोणी लावत नसे. मी माझ्या पेठेचे, नारायण पेठेचे, नाव घेतले. ते धायरीहून लिहीत, म्हणून ते धायरीकर. टेलिफोन खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, मूळचे वऱ्हाडातले. त्यांच्या लिहिण्यावरून इतकेच कळत होते, आणि याहून अधिक कळण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

प्लूटोचे ग्रहपद गेले तेव्हा मंचावर दोन दिवस सुतक होते. धायरीकरांनी लिहिले, “कारणे दाखवा नोटीस न देता पदावनती? हे सेवाशर्तींच्या विरुद्ध आहे. प्लूटोने अपील करावे.” मी लिहिले, “मुळात नेमणूकच चुकीची होती. दिलेला पगार वसूल करावा.” येत्या ऑगस्टात मंगळ चंद्राएवढा दिसणार, अशी थाप कोणीतरी दरवर्षी पुढे सरकवी. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे : “लग्न जमलेल्यांनी जुलैतच उरकून घ्यावे.” युरोपातल्या मोठ्या प्रयोगात कृष्णविवर तयार होऊन जग बुडणार, अशी हूल उठली तेव्हा मंचचालक तरुणाने विचारले, “काका, जग बुडालं तर सोमवारचं रिलीज कॅन्सल धरू का?” धायरीकर म्हणाले, “लेखी आदेश येईपर्यंत कामावर हजर राहावे.”

थट्टा संपली की वाद सुरू होई, आणि वाद संपवण्याचा नियम त्यांनीच घालून दिलेला होता. हरणाऱ्याने ‘मान्य’ एवढा एकच शब्द लिहायचा. विषय बदलायचा नाही, गप्प बसून निसटायचे नाही, ‘तुमचेही बरोबर आहे’ असली गुळमुळीत तडजोड करायची नाही. तो शब्द लिहिताना माझी बोटे अडखळत. त्यांच्याकडून तो मिळाला की मी तो दिवस जरा ताठ चालत असे. ही लगेच ओळखी. “आज कोणाला हरवलंत?” असे विचारी.

मंचाचे एकदा स्नेहसंमेलन झाले, एका बागेत. तिथे आम्ही प्रथम भेटलो. शेजारी बसलो, बसच्या वेळांविषयी बोललो, एकमेकांना शेंगदाणे देऊ केले आणि उठलो. दोघांनाही बोलायला विषय सुचला नाही. संध्याकाळी घरी पोहोचताच त्यांनी लिहिले, “नारायण पेठ प्रत्यक्षात फारच सौम्य निघाले. निराशा झाली.” मग आम्ही रीतसर भांडलो आणि जीव भांड्यात पडला.

दुसरी भेट गेल्या नवरात्रातली. गणपतीच्या दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा जड झाली. त्यांच्या सुनेने मंचावर कळवले, पत्ता आणि फोनचा क्रमांक दिला, आणि मी धायरीला गेलो. इमारतींच्या मधल्या एका रिकाम्या तुकड्यात अजून ज्वारी उभी होती. घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर; खाली धोतर नेसलेल्या एका वृद्धाचे छायाचित्र. ते त्यांचे वडील, असे सून म्हणाली. “कोणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून घ्या, असं म्हणायचे म्हणे. पप्पा तेच मुलांना सांगतात.” मी मान हलवली. पेठेतून दहा वर्षे ज्यांच्याशी भांडलो, त्यांचे घर मी त्या दिवशी पाहिले.

ते संगणकासमोर बसले होते. डाव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर शोधत होते. चुकले की पुसत, पुन्हा शोधत. एक वाक्य पुरे व्हायला माझा चहा संपून कप वाळला. कपाळावर घाम होता. ते वाक्य मलाच उत्तर म्हणून लिहिलेले होते.

परतताना बसमध्ये मी ठरवून टाकले. मी खोडून काढले की त्यांना पुन्हा लिहावे लागणार. मी मान्य केले की बोटाला विश्रांती. हिशेब सरळ वाटला. दिवाळीपासून त्यांच्या प्रत्येक विधानाखाली मी ‘मान्य’ लिहू लागलो. माझे पाहून इतरांनीही तेच केले. तरुण मुले तर सोबत हात जोडल्याची चित्रे टाकू लागली. भांडणाची ती जागा रुग्णाला भेटायला गेल्यासारखी झाली. सगळे हळू बोलत आणि लवकर उठत.

काल संध्याकाळी त्यांनी लिहिले होते, “चंद्राची पलीकडची बाजू कायम अंधारात असते. तेथे सूर्य उगवतच नाही.” मी ‘मान्य’ लिहिले आणि जेवायला बसलो.

आठ वाजता फोन लावला. सुनेने उचलला. “देते हं काका. पप्पा सातपासून फोनपाशी बसलेत. नाष्टासुद्धा नाही केला.”

मग त्यांचा आवाज आला. शब्द जड होते, एकेक उचलून ठेवल्यासारखे.

“नारायण पेठ का?”

“बोला, धायरीकर.”

“चंद्राच्या पलीकडं सूर्य उगवतो की नाही?”

“उगवतो. पंधरवडाभर ऊन, पंधरवडाभर अंधार.”

“मंग मान्य काहून म्हटलं बा?”

त्यांच्या तोंडून वऱ्हाडी मी प्रथमच ऐकली. चाचणी घेतली गेली होती आणि मी नापास झालो होतो.

“तुम्हाला लिहिताना त्रास होतो,” मी म्हणालो. “मी पाहिलं आहे.”

“हात माझा गेला. अक्कल कोणी नेली?” ते दम घ्यायला थांबले. मग पुन्हा पुस्तकी मराठीत आले. “ऐका. सगळ्या नोकरीत मी एकच वाक्य ऐकलं. यांना सवलतीत मिळालं. समोर नाही, जिन्यात, कॅन्टीनमध्ये. मंचावर माझं आडनाव कोणाला माहीत नव्हतं. तिथला एकेक मान्य मी कमावलेला होता. आणि तुम्ही तिथं सवलत सुरू केलीत. तीही न विचारता.”

“पुन्हा होणार नाही.”

“पुढचं सोडा. दिलेले परत घ्या.”

“सगळे?”

“सगळे. कारणांसह. ज्याला कारण सापडणार नाही, तेवढा राहू द्या.”

फोन ठेवला गेला. ही दारात उभी होती. माझा चेहरा पाहून पुन्हा चहा टाकायला आत गेली.

कामगार आजारी आहे म्हणून मापात न बसलेला तुकडा मी कारखान्यात कधी पुढे जाऊ दिला नाही. त्याचा मला अभिमान होता. लोखंडाला दिलेला मान मी माणसाला दिला नाही. ‘यांना सवलतीत मिळालं’ हे वाक्य आमच्याही कॅन्टीनमध्ये म्हटले जाई. मी म्हटले नाही. चहा मात्र तिथेच बसून पीत राहिलो.

नऊ वाजता कामाला लागलो. दिवाळीनंतरचे एकेक विधान काढले आणि त्याखाली लिहू लागलो : “मान्य मागे घेत आहे. कारण पुढीलप्रमाणे.” न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशाहून वेगाने धावले या बातमीवर ते विसंबले होते; मी लिहिले, मोजणी पुन्हा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढणे घाईचे आहे, आणि खात्यात मुरलेल्या माणसाला ते शोभत नाही. अकराच्या सुमारास मंचचालकाने विचारले, “काका, एवढं रूड का होताय? ते आजारी आहेत.” मी कळवले, “नियम पाळतो आहे. आपणही पाळावा.”

एका ठिकाणी मात्र अडलो. परदेशांशी होणारी बहुतेक देवाणघेवाण उपग्रहांतून नव्हे, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांतून चालते, असे त्यांनी नोव्हेंबरात लिहिले होते. वाक्ये तुटलेली होती, शब्द मागेपुढे झाले होते. बिचारे गोंधळले आहेत, असे समजून मी ‘मान्य’ टाकून मोकळा झालो होतो. आज शोधून पाहिले. त्यांचे अक्षरशः बरोबर होते. मी तो मजकूर नीट वाचलाच नव्हता. दया दाखवायला लागल्यापासून मी त्यांना वाचणे थांबवले होते. तो एक ‘मान्य’ मी राहू दिला. त्याखाली लिहिले, “कारण सापडले नाही.”

वय वाढते तसा माणसाला होणारा विरोध कमी होत जातो, हे आज प्रथम नीट जाणवले. आधी वरिष्ठ ओरडायचे थांबतात, मग मुले वाद घालायची थांबतात. मुलगा हल्ली माझ्या प्रत्येक बोलण्याला “हो बाबा” म्हणतो. मी त्याला समजूतदारपणा समजत होतो. शहर मागच्या वीस वर्षांत पुष्कळ बदलले. फोनच्या तारा गेल्या, मोडेम गेले, पलीकडचा माणूस क्षणात समोर येऊ लागला. पण त्याने आपल्याला चूक म्हणावे, इतके आपण त्याला खरे वाटतो का, हे कोणत्याच यंत्राला सांगता येत नाही.

सहा वाजता धायरीहून उत्तर आले. न्यूट्रिनोंखाली लिहिले होते, “अमान्य. कारणे उद्या.” त्या दोन वाक्यांना किती वेळ लागला असेल, याचा विचार मी केला नाही. करायचा नाही, असे ठरवले आहे. माझी कारणे मात्र आजच पुन्हा तपासून ठेवली, कारण उद्या ते सोडणार नाहीत.

मग मुलाला फोन केला. त्याची तिकडे सकाळ होती. सपाट मॉनिटर घ्यावा की न घ्यावा, यावर मला त्याचे खरे मत हवे आहे आणि मी त्याला विरोध करणार आहे, असे बजावले. तो आधी हसला, मग भांडू लागला. बऱ्याच वेळाने फोन ठेवला. हिने दुपारीच मटारची पिशवी सोलायला माझ्या पुढ्यात ठेवली होती. ती तशीच पडली होती. सगळा मटार सोलला, दाणे डब्यात भरले, टरफले कचऱ्यात टाकली आणि हात धुतले.