वळचण आणि बियाण्याचा कांदा

आमच्या कारभारणीनं उभ्या जन्मात नवी वस्तू आल्या दिवशी घरात घेतली नाही. घागर असो, कोयता असो, आधी चार दिवस ओट्यावर. येता-जाता बघायची, वाजवायची, उलटी करून ठेवायची. शेळी आणली तर ती दारच्या खुंट्याला. माझे वडील एकदा वैतागून म्हणाले, "सूनबाई, तुलाबी आमी चार दिवस ओट्यावर ठेवायला पायजे हुतं." ती पदराआडून म्हणाली, "ठेवायचं हुतं की मामंजी. मलाबी घर बघून घेता आलं असतं." त्यानंतर वडील तिच्या वाटेला गेले नाहीत.

मी शाळेत फार टिकलो नाही, म्हणून सरळच लिहितो. माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होतं आणि हे सगळ्या चऱ्होलीला माहीत होतं.

तिचं माहेर चाकणच्या पुढं. लग्नात तिनं लुगड्याच्या घडीतून कांद्याचं बी आणलं. तिच्या आईचं वाण. बुटका, लालभडक, फोडला की शेजारणीच्या डोळ्याला पाणी. उन्हाळ्यात कांदा निघाला की त्यातले निवडक ती बियाण्याला माळ्यावर पसरायची. ते पावसाळाभर टिकले तर दिवाळीनंतर परत जमिनीत लावायचे, मग त्याला गोंडे येतात आणि गोंड्यात बी धरतं. तिची आई पुढं वारली, भावांनी कांदा सोडून ऊस धरला. आता ते वाण फक्त आमच्या माळ्यावर होतं. एका पावसाळ्यात कांदा सडला की संपलं.

आणि नेमकी आमची वळचण गेली. वासे भिंतीबाहेर येतात तिथं खालून फळ्या मारलेल्या होत्या, त्या वाळवीनं खाऊन भुगा केला. तिरपा पाऊस थेट माळ्यावर येणार. पन्नासच्या पुढची ती सालं. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, मी तिथं सायकलीनं कामाला जायचो. यंत्रं यायची त्या खोक्यांच्या फळ्या साहेबाला विचारून आणल्या. पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत. धाकटा भाऊ म्हणाला, "फळी कशाला? पत्रा मार. वाळवीचा बाप आला तरी दात पडतील."

तो पत्रा घेऊनही आला. कारभारणीनं फळ्या आणि पत्रा दोन्ही ओट्यावर ठेवून घेतलं. म्हणाली, "मला तट्टी पायजे. बांबूच्या कामट्यांची."

मी भडकलो. "तट्टी खोपटाला मारतात. मी कारखान्यात जातो, लोक काय म्हणतील?"

"लोकं माळ्यावर चढणार हायत का? घर तुमचं दिसू द्या. कांदा माझा जगू द्या."

मग तिनं तिन्हीची परीक्षा घेतली. तीन मडक्यांत खायचे कांदे भरले, एकाच्या तोंडावर पत्रा बांधला, एकावर फळी, एकावर जुन्या तट्टीचा तुकडा. मडकी परसात गळ्यापर्यंत वाळूत पुरली आणि रोज वाळूवर पाणी ओतायला लागली.

भाऊ म्हणाला, "वैनी, पाऊस तरी येऊ द्या की."

"त्याची वाट कशाला बघू, भावजी? मीच पाडते."

मडकी उघडली तेव्हा पत्र्याला आतून घाम सुटला होता, थेंब कांद्यावर पडत होते. फळीखालचे कांदे मऊ पडले होते. तट्टीखालचे खडखडीत, सालं वाजत होती. पण तट्टी कुरतडून उंदरानं एक कांदा नेला होता. भावाला आनंद झाला. "बघा वैनी, उंदराला तट्टी पसंत पडली!"

"त्याला कळतं, चांगला कांदा कुठं हाय ते," ती म्हणाली. पण तिनं भावाचं ऐकलंही. भिंतीवरून उंदीर चढतो तिथं पत्र्याची पट्टी, पावसाच्या तोंडावर माझी फळी, आणि मधल्या पोटाला वारा खेळेल अशी तट्टी. "कुणाचं टाकलं न्हाई, कुणाचं ऐकलं न्हाई," असं सांगून टाकलं.

तरी काम अडलं. तट्टी विणणाऱ्या बुरडाला तिनं बजावलं, बांबू वद्यातलाच तोडायचा, चांदण्यातल्या बांबूला भुंगा लागतो. वर तो नदीत भिजवायचा. इकडं आभाळ भरून यायला लागलं. मी म्हटलं, "अगं, पावसाला तू दारात उभा करणार का?" तिनं बियाण्याचे सगळे कांदे खाली आणून आमच्या खाटेवर पसरले. तट्टी येईपर्यंत कांदे खाटेवर आणि आम्ही नवरा-बायको ओट्यावर. जाणारे-येणारे विचारायचे, "का राव, घरातून काढलं का?" मी म्हणायचो, "व्हय. कांद्यानं."

त्या साली बियाणं टिकलं. ती तट्टी पुढं कैक वर्षं राहिली, आणि ती बदलायची वेळ आली तेव्हा मीच वद्याची वाट बघितली. आसपासच्या गावच्या बाया बी मागायला यायच्या. कारभारीण ओंजळ भरून द्यायची आणि माळा कसा राखायचा ते दम देऊन सांगायची.

मागच्या पावसाळ्यात ती गेली. कांदे तिनंच माळ्यावर पसरलेले होते. दिवाळीनंतर ते उतरवले आणि एकट्यानं लावले. पोरं म्हणाली, "बाबा, राहू द्या आता, बी बाजारात मिळतं." मी पाणी देत राहिलो. गोंडे चांगले भरले. ते वाळवून, चोळून, पाखडून सुपात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात पलीकडच्या गावची एक बाई आली. दरसाल यायची, पण तिला काही कळलं नव्हतं. उंबऱ्यातून आत बघत म्हणाली, "वैनी न्हाईत का?"

"न्हाई," मी म्हटलं. "पदर धर."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पदर धरला. मी ओंजळभर बी त्यात घातलं आणि माळा कसा राखायचा ते सांगायला लागलो.