मामाची विसाची दुर्बीण

मोठ्या आकड्यावर माझ्या गोव्यातल्या आमोणे गावच्या मामाएवढी श्रद्धा कुणी देवावरही ठेवली नसेल. उभा जन्म नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर गेल्यामुळे टनाखाली त्याला काही पटतच नसे. त्याचा पंखा थंडीतही पाचावर, आणि डॉक्टर मोठा कोण, तर जो जास्त गोळ्या देतो तो. चष्म्याच्या नंबराचा तर त्याला अभिमान होता. "तुज्या मास्तराक तीन, म्हाका सात!" तो सांगायचा. यावर अभिनंदन करावं का, हे मला कधीच कळलं नाही.

निवृत्तीनंतर त्याला ताऱ्यांचा नाद लागला. बार्जवरची जुनी सात बाय पन्नास, म्हणजे सात पट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची दुर्बीण त्याच्याकडे होतीच. पण शेजारचा ट्रकवाला म्हणाला, "सातूच? म्हज्या ट्रकाक धा चाकां!" झालं. मामाने पणजीहून वीस बाय पन्नास आणली आणि जुनी कपाटावर गेली. पन्नासच्या भिंगाला विसाने भागलं की डोळ्यात शिरणारा उजेडाचा झोत जेमतेम अडीच मिलिमीटर उरतो, साताने भागलं तर सात, हे मी इंग्रजीतून शिकले होते. पण त्या घरात लहान आकड्याची बाजू घेण्याचं धैर्य कुठल्याच भाषेत नव्हतं.

मामीने त्याच्या सांगण्यावरून एकदाही वर पाहिलं नव्हतं. "आकाश रांदून जेवतां येता?" हा तिचा सवाल. एका रात्री वीज गेली, मामाने फारच गळ घातली, तेव्हा ती पदराला हात पुसत अंगणात आली. "एकदांच पळयतां. दिसलें ना जाल्यार परत म्हाका हाक मारूं नाकात."

मामाने देवयानी दीर्घिकेवर वीस रोखली. दुर्बीण धरलेला मामीचा हात जरा हलला की तेही वीस पट मोठं होऊन दिसे.

"काळोख दिसता. आनी तोय हालता."

"दुर्बिणीक खोट ना! तुज्या दोळ्यांक आसा!"

मामी वळली. मामाचा चेहरा बघवेना. मी आत धावले, जुनी दुर्बीण आणून तिच्या हातात दिली. "मामी, ह्यातून बघ."

तिने ती डोळ्यांना लावून वर धरली. मग म्हणाली, "चुलीवयलो धुंवर कसो... इतले दीस खंय आशिल्लें हें?"

मामाने मला कारण विचारलं. मी भागाकार सांगितला. वयाने डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडत नाही, तेवढं मात्र गाळलं.

आता मामाला चष्म्यातूनही फारसं दिसत नाही. तो अंगणात खुर्चीवर बसतो. मामी जुनी दुर्बीण आकाशाकडे लावून उभी असते. "आसा मगे?" तो विचारतो.

"आसा," मामी म्हणते. "थंयच आसा."