आकर्षण सरांचं, प्रतिकर्षण माझं

लॅबच्या कपाटात बिघडलेले मीटर साठतात ना, तसे आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटचे किस्से साठलेत. टाकवत नाहीत, आणि कुणाला दाखवल्याशिवाय चैनही पडत नाही. बहुतेक किस्से बिराजदार सरांचे आहेत. सांगणारी मी आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. मी त्यांच्यावर जळते. लई जळते!

*

सोलापुरातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सला आम्ही तिघं. विभागप्रमुख कुलकर्णी सर, अक्कलकोटकडचे बिराजदार सर आणि करकंबची मी, माने मॅडम.

बारावीला आम्ही एक प्रयोग दाखवतो. स्टँडला फॉइलच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी टांगायच्या आणि बॅटरी जोडायची. दोन्हींतून करंट एकाच दिशेनं गेला की पट्ट्या जवळ येतात. एकीतून खाली, दुसरीतून वर गेला की लांब पळतात.

कुलकर्णी सरांनी वाटणी करून टाकली. "जवळ येणं बिराजदार दाखवतील. लांब जाणं माने मॅडम दाखवतील."

झालं! आकर्षण सरांचं, प्रतिकर्षण माझं. आता पोरं कुणाला लक्षात ठेवणार, तुम्हीच सांगा!

*

पट्ट्या तापतात, म्हणून करंट सोडायची किल्ली क्षणभरच दाबायची असते. बिराजदार सर त्याआधी कानडीत मोजतात, "ओंदु, एरडु, मूरु!" अख्खा वर्ग त्यांच्याबरोबर ओरडतो. मूरुला पट्ट्या चटकन चिकटतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. भिंतीपलीकडं मी वही तपासत बसलेली असते. ऐकू येतं सगळं.

मीही एकदा मोजून पाहिलं. "एक, दोन..." वर्ग गप्प. मागच्या बाकावरची जेऊरची पोरगी म्हणाली, "मॅडम, मोजताय कशाला? लांबच जाणार हायत की!"

*

डब्याचंही तेच. शेंगाचटणी माझी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. बिराजदार सरांच्या डब्यात नुसती कडक भाकरी. सगळ्यांनी त्यांची भाकरी मोडून घेतली, माझ्या चटणीत बुडवली आणि खाल्ली.

कुलकर्णी सर बोटं चाटत म्हणाले, "वा! बिराजदारांच्या भाकरीनं चटणीला काय चव आली हो!"

चटणीला! माझ्या चटणीला!

*

मग कुलकर्णी सरांची रिटायरमेंट जवळ आली. खोटं कशाला बोलू? मला ती खुर्ची हवी होती. पगाराचं सोडा, विभागप्रमुखाला प्रयोगांची वाटणी करता येते. पहिल्याच दिवशी आकर्षण माझ्याकडं घेतलं असतं मी!

संस्थेची समिती लॅब बघायला येणार होती, आणि नवा विभागप्रमुख तीच ठरवणार होती. तिच्यासमोर हा प्रयोग कुणी करायचा? मी म्हटलं, "सर, मला एक चान्स द्या. आकर्षण मी दाखवते."

कुलकर्णी सर समोर बसले. मी स्टँड लावला, पट्ट्या टांगल्या आणि छान समजावून सांगायला लागले. तेवढ्यात पट्ट्या सुळकन एकमेकींना जाऊन चिकटल्या. मला इतका आनंद झाला! म्हटलं, "बघितलंत सर?"

सर वर बघत म्हणाले, "बघितलं. मॅडम, आधी पंखा बंद करा. बॅटरी अजून तुमच्या हातात आहे."

समितीसमोर कोण उभं राहणार, ते तिथंच ठरलं.

*

समितीचा दिवस. पुढच्या रांगेत समितीची माणसं, मधोमध पांढऱ्या केसांचे अध्यक्ष. मागं पोरं. मी कोपऱ्यात. बिराजदार सरांनी नवा शर्ट घातला होता. मोठ्या आवाजात म्हणाले, "आता या पट्ट्या जवळ येतील. ओंदु, एरडु, मूरु!"

पट्ट्या लांब पळाल्या!

मी बघितलं, घाईत सरांनी एका पट्टीच्या क्लिपा वरची खाली, खालची वर लावल्या होत्या. अहाहा! काय बरं वाटलं म्हणून सांगू! खुर्ची मला समोर दिसायला लागली. फक्त गप्प बसायचं होतं.

सरांनी पुन्हा किल्ली दाबली. पट्ट्या पुन्हा लांब, पहिल्यापेक्षा जास्त. आणि पोरांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या!

माझ्या डोक्यात सणक गेली. इतकी वर्षं मी प्रतिकर्षण दाखवतेय, एकानं कधी टाळी वाजवली नाही! आकर्षण यांचं, ओंदु-एरडु यांचं, आता माझं प्रतिकर्षण पण यांचंच?

मी ताडकन उठले. "थांबा सर! हा भाग माझा आहे!"

तरातरा पुढं गेले. करंट उलट दिशांनी गेला की पट्ट्या लांब का जातात, ते समितीला नीट समजावून सांगितलं. मग क्लिपा बदलल्या आणि म्हटलं, "हं, आता तुमचं दाखवा." सरांनी किल्ली दाबली. पट्ट्या चटकन चिकटल्या. समितीही टाळ्या वाजवायला लागली.

मी अध्यक्षांकडं बघत उभी राहिले. तेही माझ्याकडं बघून हसले. मग उठून त्यांनी बिराजदार सरांचा हात हातात घेतला.

"भर प्रयोगात सहकाऱ्याला पुढं आणायला मोठं मन लागतं हो! विभागप्रमुख असाच पाहिजे."

दुपारी डबे उघडले. नवे विभागप्रमुख माझ्याशेजारी येऊन बसले आणि भाकरी पुढं सरकवत म्हणाले, "घ्या की मॅडम."

मी चटणीच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.